सिव्हिलियनला साहेबापुढे नाही म्हणता आलं पाहिजे

गोव्यात राहणाऱ्याला नेव्ही काही परकी नाही. दाबोळीचा विमानतळ आयएनएस हंसाच्या आवारात, वेऱ्याला आयएनएस मांडवी, वास्कोला गोमंतक, शिवाय गोवा शिपयार्ड, त्यामुळे वास्को-चिखलीकडे तर घरटी कुणीतरी ओळखीचं निघतंच. पण नेव्ही म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पांढरा युनिफॉर्म, आणि त्याच गेटमधून रोज सकाळी साध्या शर्ट-पँटीत कार्ड दाखवून आत जाणारी माणसं, म्हणजे इंजिनियर, शास्त्रज्ञ, अकाउंट्सवाले, दारूगोळ्याच्या डेपोवाले, स्टोअर्सवाले, ही सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. नेव्हीने २०२४ हे वर्ष नेव्हल सिव्हिलियन्सचं वर्ष म्हणून पाळलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. सत्कार झाले, ट्रेनिंग झाली, चांगलंच झालं. पण त्यातल्या वरच्या लोकांचा, म्हणजे ज्यांच्या हाताखाली शेकडो माणसं आणि कोटींची कामं असतात अशा सिव्हिलियन अधिकाऱ्यांचा प्रश्न तसाच राहिलाय, आणि तो नुसता मानापमानाचा नाही, सुरक्षेचा आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी आपण नेहमी ज्यावर भांडतो ते बघू. १८ ऑक्टोबर २०१६ ला संरक्षण मंत्रालयाचं एक पत्र निघालं, त्यात मुख्यालयातल्या सिव्हिल अधिकाऱ्यांची बरोबरी फौजी रँकशी लावली होती. प्रिन्सिपल डायरेक्टर म्हणजे मेजर जनरल, डायरेक्टर म्हणजे ब्रिगेडियर, जॉइंट डायरेक्टर म्हणजे कर्नल. फौजेत आणि खास करून निवृत्त फौजींमध्ये भडका उडाला की आमची रँक एक पायरी खाली ढकलली. तेव्हा संरक्षणमंत्री आपले मनोहर पर्रीकर होते. मंत्रालयाचं म्हणणं असं की हे मुख्यालयातल्या कामापुरतंच आहे, पण ते कुणाला पटलं नाही, आणि शेवटी २०१८ च्या जानेवारीत निर्मला सीतारामन यांच्या काळात ते पत्र मागे घेतलं गेलं. म्हणजे सव्वा वर्ष सगळ्यांची ताकद कोण कुणाच्या बरोबरीचा यावर खर्ची पडली. या सगळ्यात एक साधा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही, की बाबा या डायरेक्टरने नक्की काय ठरवायचं, कशावर सही करायची, आणि वरच्याशी पटलं नाही तर काय करायचं?

खुर्ची पहिल्या रांगेत की दुसऱ्या, गाडीवर पाटी कसली, मेसमध्ये कुठे बसायचं, हे सगळं माणसाला लागतं, मी नाही म्हणत नाही. बावीस-चोवीस वर्षं सर्व्हिस झालेला सुपरिंटेंडिंग इंजिनियर मीटिंगला जातो आणि त्याला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवतात, टेबलावर त्याच्यापेक्षा दहा वर्षं लहान कमांडर, आणि विषय कुठला तर त्याच्याच कामाचा, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल ते कळतं. पण त्याला पुढच्या रांगेत बसवलं तरी मूळ दुखणं जात नाही.

मूळ दुखणं काय ते एका गोष्टीवरून सांगतो, ऑफिसचं नाव नको. माझ्या चांगल्या ओळखीतला एक सिव्हिलियन मॅनेजर, क्रेन आणि उचलण्याची सगळी यंत्रं त्याच्याकडे. पावसाळा नुकताच संपलेला, खाऱ्या हवेने वायर रोपचं काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, एका क्रेनच्या रोपचे तार तुटायला लागलेले आणि लोड टेस्टची तारीख उलटून गेलेली. शुक्रवारी वरचे मोठे साहेब येणार म्हणून जागा मोकळी करायची होती आणि तिथे पडलेलं एक जड युनिट त्याच क्रेनने हलवायचं होतं. हा म्हणाला टेस्ट झाल्याशिवाय उचलणार नाही. कमांडर साहेब म्हणाले, अरे एकदाच तर उचलायचंय, जबाबदारी माझी. हा म्हणाला, ठीक आहे सर, मग तीन ओळी लिहून द्या. कमांडर दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले राहू दे, त्यावर ताडपत्री टाका. काही घडलं नाही, शुक्रवार पार पडला. पण त्या वर्षीच्या एपीएआरमध्ये, म्हणजे कामगिरीच्या वार्षिक अहवालात, आधीची काही वर्षं आठच्या वर असलेला त्याचा आकडा सहाच्या घरात आला आणि खाली शेरा, की या अधिकाऱ्याने अधिक लवचिक व्हायला हवं.

यात कमांडर वाईट माणूस होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्याला शिकवलंच तसं जातं. हुकूम मिळाला की काम झालं पाहिजे, समुद्रात जहाजावर दुसरं काही चालणारही नाही, आग लागली असताना कमिटी बसवता येत नाही. पण किनाऱ्यावरच्या डेपोत, यार्डात, लॅबमध्ये सिव्हिलियन तज्ज्ञ ठेवलाय तोच मुळी वेळ पडली तर थांबा म्हणायला. आणि ज्याला थांबा म्हणायचं त्याच माणसाच्या हातात याचं वर्षाचं मार्कशीट! मग दहातले आठ जण गप्प बसायला शिकतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? तो कमांडर साधारण दोन वर्षांनी बदलून जातो, त्याने दिलेला सहाचा आकडा मात्र याच्या प्रमोशनच्या फाईलला चिकटून राहतो.

कायद्याची बाजूही बघा. सुप्रीम कोर्टाने १९७१ सालीच सांगून ठेवलंय की संरक्षणाच्या पदावर असलेल्या सिव्हिलियनला घटनेच्या कलम ३११ चं, म्हणजे चौकशीशिवाय नोकरीवरून न काढण्याचं, संरक्षण मिळत नाही, जे इतर सरकारी नोकराला मिळतं. शिस्तीचे नियम त्याला १९६५ चे सिव्हिल सर्व्हिसचेच लागतात. त्याच टेबलापलीकडच्या युनिफॉर्मवाल्याला नेव्ही अॅक्ट १९५७. नोकरीबद्दल भांडण झालं तर एकाने जायचं कॅटमध्ये, म्हणजे सेंट्रल अॅडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रायब्युनलमध्ये, आणि दुसऱ्याने आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये, गोव्याच्या माणसाला दोन्हीसाठी बेंच मुंबईचाच, पण दार वेगळं, नियम वेगळे. एवढं सगळं वेगळं असताना एक जण दुसऱ्याला आपल्याच सब-लेफ्टनंटसारखं सांभाळायला जातो तेव्हा गाडी अडणारच.

आता फौजेची बाजू. ती खोटी नाही आणि ती न सांगता पुढे गेलो तर लेख एकांगी होईल. पहिलं पैशाचं. सहाव्या वेतन आयोगानंतर २००६ पासून संघटित ग्रुप ए सर्व्हिसवाल्यांना एनएफयू मिळालं, म्हणजे आयएएसची एखादी बॅच वरच्या पदावर गेली की त्यांच्या दोन वर्षं आधीच्या बाकी सर्व्हिसच्या लोकांना पद नसलं तरी पगाराची ती पायरी मिळते. फौजी अधिकाऱ्यांना ते मिळालं नाही. त्यांना मिलिटरी सर्व्हिस पे आहे, सातव्या आयोगात अधिकाऱ्यांसाठी महिना १५,५०० रुपये, पण ती वेगळी गोष्ट झाली. परिणाम असा की एमईएस, म्हणजे फौजेची बांधकामं बघणारी मिलिटरी इंजिनियर सर्व्हिसेस, अशा ठिकाणी हाताखालच्या सिव्हिलियन इंजिनियरची वेतनश्रेणी साहेबाच्या वरची असू शकते. साहेबाच्या पोटात दुखणं साहजिक आहे, सीमेवर आणि समुद्रात तो असतो.

दुसरं त्याहून मोठं, जबाबदारीचं. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन अठरा जण गेले, पुढे २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्नवर आगीचा धूर झाला, दोन अधिकारी गेले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. खरेदी अडल्याची, बॅटऱ्या वेळेवर न मिळाल्याची चर्चा तेव्हा खूप झाली. खुर्ची सोडली ती युनिफॉर्मवाल्याने. फाईली ज्या टेबलांवरून फिरल्या त्या सिव्हिल टेबलांपैकी कुणी त्या दिवशी पुढे येऊन माझंही काही चुकलं असेल असं म्हटलं नाही. फौजी माणूस म्हणतो की यांना अधिकार पाहिजे आणि जबाबदारी नको, तेव्हा त्याच्या मनात हे असतं आणि त्यावर माझ्याकडे खोडून काढायला उत्तर नाही. वर अशीही सिव्हिलियन मंडळी आपण सगळ्यांनी पाहिलीत ज्यांचा नकार म्हणजे कामाचा कंटाळा असतो, रूलबुकातली एक ओळ पकडून फाईल महिनाभर दाबून बसायचं.

म्हणून मला जे म्हणायचंय ते दोन्ही बाजूंना टोचणारं आहे. वरिष्ठ सिव्हिलियनला नाही म्हणायचा अधिकार लेखी द्या, आणि त्या नाहीची किंमतही त्याच्याकडून लेखीच वसूल करा. रँकची बरोबरी थोडे दिवस बाजूला ठेवली तरी चालेल.

हे हवेत नाही, आपल्याच व्यवस्थेत दोन ठिकाणी हे चालतंय आणि त्यातलं एक तर आपल्या दाबोळीला. हंसामध्ये शोर बेस्ड टेस्ट फॅसिलिटी आहे, म्हणजे विमानवाहू जहाजाचा डेक जमिनीवर बांधलाय असं समजा, पुढे वर उचललेला स्की-जंप आणि दुसरीकडे विमान उतरताना हुकात अडकवायची केबल. तेजसचा नेव्हीचा अवतार याच स्की-जंपवरून २० डिसेंबर २०१४ ला पहिल्यांदा उडाला आणि १३ सप्टेंबर २०१९ ला इथेच केबलला हुक अडकवून उतरला. पुढे ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकरांनी तो आयएनएस विक्रमादित्यवर उतरवला. विमान चालवायला नेव्हीचे टेस्ट पायलट, विमान बनवणारे एडीएचे, म्हणजे एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीचे, सिव्हिलियन इंजिनियर, जागा नेव्हीची. आणि हे प्रोटोटाईप उडायचं की नाही, कुठल्या वेगाला, किती वजनाने, याचं क्लिअरन्स सेमिलॅकचं. ही डीआरडीओची बंगळुरूची संस्था, तिचा प्रमुख सिव्हिलियन शास्त्रज्ञ. तिथून क्लिअरन्स आलं नाही तर पायलट कितीही मोठ्या रँकचा असो, त्या दिवशी उड्डाण नाही. त्यात कुणाचा अपमान होत नाही. कुणी म्हणत नाही की एक शास्त्रज्ञ कमोडोरला अडवतो म्हणजे काय. कारण तो अधिकार कुणाच्या मर्जीतून आलेला नाही, प्रक्रियेतच लिहिलाय, आणि तो कशासाठी आहे हे केबलला हुक अडकवणाऱ्या पायलटपेक्षा जास्त कुणाला कळणार?

दुसरं उदाहरण रुक्ष आहे पण मला ते फार आवडतं, आयएफएचं, म्हणजे इंटिग्रेटेड फायनान्शियल अॅडव्हायझरचं. खर्चाचा निर्णय घेणारा फौजी अधिकारी आणि त्याच्या बाजूला डिफेन्स अकाउंट्सचा फायनान्शियल अॅडव्हायझर. तो अॅडव्हायझर म्हणाला हा खर्च असा करू नका, तर निर्णय घेणारा त्याचा सल्ला बाजूला ठेवू शकतो, अगदी कायदेशीरपणे, फक्त एकच अट, का बाजूला ठेवला ते लेखी लिहायचं. भांडणं तिथेही होतात, आयएफएच्या नावाने बोटं मोडणारे भरपूर आहेत. पण दोघांनाही माहीत असतं की आपलं म्हणणं कागदावर राहणार, आणि त्यामुळे दोघंही जरा विचार करून बोलतात. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या आयएफएच्या मार्कांची शेवटची नाडी त्याच्या स्वतःच्या खात्याच्या हातात असते.

मग क्रेनवाल्या मॅनेजरला हे का नाही? दारूगोळ्याच्या डेपोतला माणूस म्हणतो या शेडमध्ये याहून जास्त स्फोटकं ठेवता येणार नाहीत, एमईएसचा इंजिनियर म्हणतो या स्लॅबवर ही टाकी नको, विमान दुरुस्तीच्या यार्डातला म्हणतो हा पार्ट अजून बसवण्यालायक नाही, यांना का नाही? यांची मतं म्हणजे फाईलवरची एक नोटिंग, साहेबाने बाजूला प्लीज स्पीक लिहिलं की तोंडी बोलून संपली. तोंडी संपलेल्या गोष्टीचा पुढच्या साहेबाला पत्ताच नसतो, आणि तो नव्याने तीच चूक करायला मोकळा. सिव्हिलियन तिथेच दहा-पंधरा वर्षं असतो, संस्थेची आठवण म्हणजे तोच. आणि त्यालाच आपण गप्प राहायला शिकवतो हे मला फार जाचतं.

गोवा शिपयार्डचं बघा. १९५७ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेलं हे यार्ड, आता तिथे त्रिपुट आणि तवस्यसारख्या फ्रिगेट बांधल्या जातात, त्रिपुटचं जलावतरण जुलै २०२४ ला, तवस्यचं मार्च २०२५ ला. तिथे यार्डाचे लोक एका बाजूला आणि नेव्हीची ओव्हरसीइंग टीम दुसऱ्या बाजूला. नेव्हीवाला वेल्डिंग नापास करतो, यार्डवाला म्हणतो ड्रॉइंगप्रमाणे आहे, मग तपासणी, कागद, सही. जहाज ताब्यात घेताना उरलेल्या त्रुटींचीसुद्धा यादी बनते आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. तिथे कुणी कुणाचा एपीएआर लिहीत नाही म्हणून दोघंही मोकळेपणाने भांडू शकतात, आणि माझ्या मते जहाज चांगलं बनायला त्या भांडणाचा हात मोठा आहे. एकाच छपराखाली, एकाच साहेबाखाली हेच भांडण झालं की त्याला बेशिस्त म्हणतात.

करायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी हात घालायला हवा तो एपीएआरला. २००८ साली देव दत्त खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितल्यापासून अहवाल अधिकाऱ्याला दाखवतात, तो आक्षेपही घेऊ शकतो, हे मोठं पाऊल होतं. पण आक्षेप कुणाकडे, तर त्याच साखळीत वर. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने सीनियर एक्झिक्युटिव्ह सर्व्हिस आली, पेंटागॉनमधले वरिष्ठ सिव्हिलियन त्याच सर्व्हिसचे, आणि तिथे साहेबाने दिलेलं मूल्यांकन अंतिम नसतं, ते आधी परफॉर्मन्स रिव्ह्यू बोर्डासमोर जातं, आणि कायम नोकरीतल्या अधिकाऱ्याचं मूल्यांकन असेल तर त्या बोर्डात बहुमत तशाच कायम नोकरीवाल्यांचं असावं लागतं. बाकी त्यांचं सगळं इथे आणायची गरज नाही, तिथेही राजकारण आहेच. पण एवढी एक गोष्ट उचला. गोव्यातल्या वरिष्ठ सिव्हिलियनचे अहवाल दिल्लीच्या किंवा मुंबईच्या अशा एका बोर्डासमोर जाऊ द्यात ज्यात एक फौजी, एक त्याच्याच विषयातला सिव्हिलियन आणि एक बाहेरचा असेल, आणि आकडा अचानक दोन-अडीचने घसरला तर बोर्डाने नियम म्हणून विचारलंच पाहिजे, या वर्षी याने कुठल्या गोष्टीला नाही म्हटलं होतं का?

आणि नाही म्हणणाऱ्यावरही बंधन हवं. नकार द्यायचा तर सात दिवसांत, कारणासकट, आणि मग काय करता येईल तेही सांगून. क्रेन नाही तर भाड्याची क्रेन कुठून, किती दिवसांत, किती पैसे. सात दिवसांत कागद आला नाही तर साहेब निर्णय घ्यायला मोकळा आणि उशिराची नोंद सिव्हिलियनच्या नावावर. कागद आला आणि तरी साहेबाला पुढे जायचं असेल तर त्यानेही तीन ओळी लिहायच्या. अपघात झाला तर त्या तीन ओळी आणि तो कागद दोन्ही चौकशीच्या टेबलावर येतील, मग सिव्हिलियनला जबाबदारी नसते ही फौजेची तक्रारही मिटते, कारण त्याचं नाव तारखेसकट तिथे असेल.

फौजी अधिकाऱ्याला हे शिकवायचं कुठे, तर तेही इथेच. नेव्हल वॉर कॉलेज २०११ साली करंज्याहून गोव्यात आलं, २०२४ च्या मार्चमध्ये वेऱ्याला त्यांच्या चोल इमारतीचं उद्घाटन झालं. तिथे येतात ते पुढचे अॅडमिरल. दिल्लीच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजात सिव्हिल सर्व्हिसचे अधिकारी फौजींबरोबर वर्षभर शिकतात, पण ते बहुतेक मंत्रालयांतले. डेपो, यार्ड आणि लॅब चालवणारे सिव्हिलियन आणि उद्या त्यांचे साहेब होणारे कॅप्टन, अशांचा दोन-तीन आठवड्यांचा एकत्र कोर्स वेऱ्याला घ्यायला काय हरकत आहे? लेक्चरं कमी ठेवा. खऱ्या अपघातांच्या फाईली घ्या, नावं काढा, आणि दोघांना एकमेकांच्या जागी बसवून निर्णय लिहायला लावा. कॅप्टनला एकदा मॅनेजर म्हणून नकाराचा कागद लिहावा लागला की त्याला कळेल तो लिहिताना हात कसा जड होतो, आणि मॅनेजरलाही कळेल की शुक्रवारी अॅडमिरल येणार असताना कॅप्टनच्या डोक्यावर काय असतं.

हे सगळं आत्ताच का म्हणतोय तर पुढे थिएटर कमांड, म्हणजे तिन्ही दलांच्या एकत्र कमांड, येणार आहेत. २०१९ च्या शेवटी डिपार्टमेंट ऑफ मिलिटरी अफेअर्स झालं, १ जानेवारी २०२० पासून सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, आले, एकाच खात्यात युनिफॉर्मवाले आणि सिव्हिलियन जॉइंट सेक्रेटरी शेजारी-शेजारी बसायला लागले. मग इंटर-सर्व्हिसेस संघटनांचा २०२३ चा कायदा आला, मे २०२४ पासून लागू झाला, त्याने एकत्र कमांडच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या लोकांवर शिस्तीचे अधिकार दिले, म्हणजे आर्मीचा जनरल आता नेव्हीच्या माणसावर थेट कारवाई करू शकतो. चांगलं आहे, गरजेचं होतं. पण त्या कमांडखाली एमईएसचे, आर्मामेंटचे, अकाउंट्सचे, डीआरडीओचे जे वरिष्ठ सिव्हिलियन असतील त्यांचा अहवाल कोण लिहिणार, आर्मीचा, नेव्हीचा की एअर फोर्सचा? आणि त्यातल्या प्रत्येकाची नाही ऐकून घ्यायची सवय वेगळी आहे. तिन्ही दलांनी आपापसातले नियम जुळवायला बरीच वर्षं घेतली. सिव्हिलियनचे नियम जुळवायचं काम थिएटर कमांड उभी राहिल्यावर हातात घेतलं तर मधली काही वर्षं डेपो, क्रेन आणि टाक्या कुणाच्या तरी तोंडी हुकमावर चालतील. संरक्षण मंत्रालयाने रिव्ह्यू बोर्ड आणि लेखी नकाराचा नियम आधी एखाद्या स्टेशनवर करून बघावा, आणि ते स्टेशन गोवा असावं, कारण यार्ड, डेपो, विमानं, एमईएस, वॉर कॉलेज असं सगळं इथे तासाभराच्या अंतरात आहे.